शिर सलामत तर खेळ

सातपुड्याच्या पायथ्याजवळ, यावल तालुक्यात, फैजपूर हे गाव आहे. १९३६ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. खेडेगावात भरलेले ते पहिले अधिवेशन, म्हणून फैजपूरचे नाव देशभर झाले. गावाच्या चहू बाजूंना केळीच्या बागा पसरल्या आहेत. संध्याकाळी शाळा सुटली, की मोकळ्या रानात मुलांचा क्रिकेटचा डाव सुरू होतो. तीन काठ्या रोवल्या, एक फळी आणि एक चेंडू मिळाला, म्हणजे खेळाला आणखी काही लागत नाही. चेंडू रबराचा असतो तोवर काळजीचे कारण नाही. अंगावर बसला, तर घटकाभर चुरचुरतो आणि खेळ पुढे चालू होतो. परंतु एके दिवशी मुले वर्गणी काढून खरा, कातडी चेंडू विकत आणतात आणि मग डोक्यावर काही न घालता त्याच उत्साहाने खेळू लागतात. त्या क्षणी खेळाचे स्वरूप बदललेले असते; मुलांना मात्र ते ठाऊक नसते.

कातडी चेंडूचे वजन सुमारे १६० ग्रॅम असते. चांगला वेगवान गोलंदाज तो ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने टाकतो. दोन्ही यष्ट्यांमधील अंतर बावीस यार्ड, म्हणजे वीस मीटरच्या किंचित वर. गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचण्यास अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्या अवधीत चेंडू पाहावयाचा, तो कोठे पडेल हे ताडावयाचे आणि पुढे यावे, मागे जावे की खाली वाकावे हे ठरवावयाचे. डोळ्याची पापणी एकदा लवली, तरी त्यातला बराचसा वेळ सरतो. असा चेंडू जमिनीवर आपटून छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीपर्यंत उसळला, म्हणजे त्याला उसळता चेंडू म्हणतात. तो खेळाच्या नियमांना धरूनच असतो. फलंदाजाच्या धैर्याची आणि कौशल्याची ती कसोटी असते. पण कसोटी कोठे संपते आणि प्राणांशी खेळ कोठे सुरू होतो, हा प्रश्न क्रिकेटला गेली अनेक वर्षे छळीत आला आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य भारतीयांना प्रथम कळले ते १९६२ साली. त्या वर्षी भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला होता. संघाचे कर्णधार होते नरी कॉन्ट्रॅक्टर. वय अवघे अठ्ठावीस. पण त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने नुकतीच इंग्लंडविरुद्धची मालिका प्रथमच जिंकली होती. धैर्याविषयी तर त्यांची ख्यातीच होती. १९५९ साली लॉर्ड्सच्या मैदानावर चेंडू लागून त्यांच्या बरगड्या मोडल्या असताना त्यांनी ८१ धावा काढल्या होत्या. मार्च महिन्यात ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसच्या संघाशी सामना सुरू झाला. चार्ली ग्रिफिथ हा धिप्पाड गोलंदाज वेगाने चेंडू टाकीत होता. त्याचा एक चेंडू उसळला आणि कॉन्ट्रॅक्टरांच्या उजव्या कानामागे कवटीवर बसला. त्या काळी फलंदाज पायांना पॅड बांधीत आणि हातांत मोजे घालीत. डोके मात्र उघडे किंवा केवळ कापडी टोपीखाली असे.

कॉन्ट्रॅक्टरांना रुग्णालयात नेण्यात आले. कवटीला तडा गेला होता आणि आत रक्तस्राव होत होता. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यासाठी रक्त हवे होते. भारतीय संघातील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. बोर्डे पुण्याचे, नाडकर्णींचा जन्म नाशिकचा, उम्रीगरांचा सोलापूरचा. घरापासून हजारो मैलांवर ते आपल्या कर्णधारासाठी रुग्णालयात उभे होते. आणि त्यांच्याबरोबर आणखी एक जण रक्त देण्यास पुढे आला. तो होता प्रतिपक्षाचा, म्हणजे वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल. मैदानावर ज्याला हरवावयाचे, त्याचेच प्राण वाचविण्यासाठी स्वतःचे रक्त द्यावयाचे, याहून खिलाडू वृत्तीचे मोठे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. वॉरेलच्या स्मरणार्थ बंगालची क्रिकेट संघटना १९८१ सालापासून ३ फेब्रुवारी रोजी रक्तदानाचा कार्यक्रम करीत आली आहे.

कॉन्ट्रॅक्टर वाचले. कित्येक दिवसांच्या बेशुद्धीतून ते शुद्धीवर आले. पुढे त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसविण्यात आली. दहा महिन्यांनी ते पुन्हा मैदानावर उतरले. पण कसोटी सामना त्यांना पुन्हा खेळावयास मिळाला नाही. पुढच्या कसोटीचे नेतृत्व अवघ्या एकवीस वर्षांच्या पतौडींकडे आले. त्याच बार्बाडोसच्या सामन्यात एका पंचाने ग्रिफिथचा चेंडू नियमबाह्य ठरविला. चेंडू टाकताना त्याचा हात कोपरात सरळ होतो, म्हणजे तो चेंडू फेकतो, असा त्याचा निर्णय होता. ग्रिफिथच्या हाताविषयीचा हा वाद पुढे अनेक वर्षे चालू राहिला. ज्या चेंडूने घात केला तो शुद्ध होता की अशुद्ध, यावर लोक भांडत राहिले; पण फलंदाजाच्या उघड्या डोक्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

चौदा वर्षांनी, १९७६ साली, तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भारताने पोर्ट ऑफ स्पेन येथे चौथ्या डावात चारशेहून अधिक धावा काढून वेस्ट इंडीजला हरविले. पुढची कसोटी किंग्स्टनला होती. तेथे वेस्ट इंडीजने चार वेगवान गोलंदाज मैदानात उतरविले. भारताच्या अंशुमान गायकवाड यांनी सात तासांच्या वर तग धरून ८१ धावा काढल्या. अंगावर चेंडूंचे वळ उठत होते, तरी ते हटले नाहीत. अखेर मायकेल होल्डिंगचा एक चेंडू त्यांच्या कानावर आदळला. कानाचा पडदा फाटला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. विश्वनाथ यांचा हात जायबंदी झाला, ब्रिजेश पटेल यांच्या तोंडास इजा झाली. कर्णधार बिशनसिंग बेदी यांनी सहा गडी बाद झाले असतानाच पहिला डाव घोषित केला. दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाल्यावर फलंदाजीला येण्याच्या स्थितीत कोणी उरलाच नाही आणि ९७ धावांवर भारताचा डाव संपला.

या सामन्याने मोठे वादळ उठले. भारतीयांचे म्हणणे असे, की हे चेंडू यष्ट्यांवर नव्हते, ते माणसांवर होते. फलंदाजाला भिवविण्यासाठी एकसारखे आखूड टप्प्याचे चेंडू टाकणे हे खेळाच्या नियमातच अनुचित मानले आहे, मग पंच स्वस्थ का बसले? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की वेगवान गोलंदाजी हे आमचे शस्त्र आहे. ते कोणत्याही नियमाने बोथट केलेले नाही. ज्याला खेळता येत नाही त्याने तक्रार का करावी? असाच वाद १९३२-३३ साली इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात झाला होता. तेव्हा इंग्लंडचे गोलंदाज ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांच्या शरीराच्या रोखाने चेंडू टाकीत होते आणि त्यावरून दोन देशांच्या संबंधांतही कटुता आली होती. दोन्ही वेळा एक गोष्ट स्पष्ट झाली. नियम पुस्तकात असून भागत नाही. तो अमलात आणण्याचे धैर्यही लागते.

यानंतर दोन मार्गांनी सुधारणा झाली. एक मार्ग नियमांचा. १९९१ साली आंतरराष्ट्रीय सामन्यांत एका षटकात एका फलंदाजास एकच उसळता चेंडू टाकण्याची मर्यादा आली. पुढे १९९४ साली ती षटकास दोन अशी करण्यात आली. दुसरा मार्ग शिरस्त्राणाचा. १९७८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यॅलप हा शिरस्त्राण घालून कसोटीत फलंदाजीस उतरला. हे घडले त्याच ब्रिजटाऊनमध्ये, जेथे सोळा वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टर कोसळले होते. प्रेक्षकांनी यॅलपची हुर्यो उडविली. शूराने डोके झाकावयाचे नसते, अशी तेव्हाची समजूत होती. आपल्या सुनील गावसकरांनीही संपूर्ण शिरस्त्राण कधी वापरले नाही. कारकीर्दीच्या उत्तरार्धात ते टोपीखाली एक लहानसे कवच घालू लागले. एकनाथ सोलकर हे तर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शॉर्ट लेगला, उघड्या डोक्याने उभे राहात. २७ कसोटींत ५३ झेल घेणाऱ्या या खेळाडूचे धैर्य अपूर्व होते, यात शंका नाही. पण एकाला जे साधले, ते प्रत्येकाला साधेलच असे नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला रमण लांबा हा भारतीय खेळाडू अशाच जागी उभा राहिला. षटकातले तीनच चेंडू उरले होते. तेवढ्यासाठी शिरस्त्राण कशाला मागवावयाचे, असे त्याला वाटले. फलंदाजाने मारलेला चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी त्याचा अंत झाला.

शिरस्त्राण नेमके काय करते, हे समजून घेण्यासाठी आपण केळीच्या बागेत जाऊ. केळीचे घड गाडीत भरताना शेतकरी तळाशी आणि मधून मधून केळीची पाने अंथरतो. का बरे? धक्का बसला, तर तो पानांच्या थरात जिरावा आणि एकाच जागी सगळा भार येऊ नये म्हणून. शिरस्त्राणाचेही काम असेच आहे. त्याचे बाहेरचे कवच कठीण असते. ते चेंडूचा आघात एका बिंदूवर न ठेवता मोठ्या भागावर पसरविते. आतले मऊ अस्तर दबते आणि आघाताचा वेग हळूहळू कमी करते. झेल घेताना आपण हात मागे ओढतो, त्यातही हेच तत्त्व आहे. धक्का जितका अधिक वेळात जिरेल, तितकी इजा कमी.

परंतु केळे आणखी एक गोष्ट शिकविते. आपटलेल्या केळ्याची साल पुष्कळदा धड दिसते. सोलून पाहिले, म्हणजे आतला गर काळवंडलेला आढळतो. डोक्याचेही तसेच आहे. कवटीच्या आत मेंदू एका द्रवात वेढलेला असतो. जोराचा आघात झाला, की कवटी थांबते. पण आतला मऊ मेंदू हलतो, पिळवटतो. बाहेर जखम नाही, रक्त नाही. तरीही माणसाला चक्कर येते, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, नुकतेच घडलेले आठवत नाही. याला मेंदूचा आघात म्हणतात. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही. मेंदूचे हलणे मात्र ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. आणि मेंदू सावरण्यापूर्वीच दुसरा आघात झाला, तर तो पहिल्याहून पुष्कळच घातक ठरू शकतो.

ही गोष्ट जगाला विशेष करून शिकविली ती अमेरिकेतील फुटबॉलने. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि धावणाऱ्याला अंगाने धडक देऊन पाडतात. १९०५ साली या खेळात इतके तरुण दगावले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. दुसऱ्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा देऊन गर्दीतली रेटारेटी कमी करण्यात आली. पुढे भक्कम शिरस्त्राणे आली. पण त्यातून भलतेच घडले. डोके सुरक्षित आहे, असे वाटल्यामुळे खेळाडू डोक्यानेच धडका देऊ लागले! ढाल होती ती हत्यार बनली. २००२ साली माइक वेबस्टर हा नामवंत खेळाडू वयाच्या पन्नाशीत, स्मृती आणि विवेक गमावलेल्या अवस्थेत मरण पावला. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूची सूक्ष्म तपासणी केली, तेव्हा वारंवार बसलेल्या धक्क्यांच्या खुणा त्यात आढळल्या. २००५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. धंदेवाईक सामने भरविणाऱ्या संघटनेशी संबंधित डॉक्टरांनी तो लेख मागे घ्यावा, अशी मागणी केली. पण सत्य झाकले गेले नाही. हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि संघटनेला भरपाई मान्य करावी लागली. खेळात पैसा शिरला, म्हणजे खेळाडूच्या इजेविषयी खरे बोलणे किती कठीण होते, हे या प्रकरणाने दाखविले.

क्रिकेटला अखेरचा धडा मिळाला तो २०१४ साली. सिडनीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजला एक उसळता चेंडू मानेवर, शिरस्त्राणाच्या कडेखाली लागला. दोन दिवसांनी, पंचविसाव्या वर्षी, तो मृत्यू पावला. तेव्हापासून मान झाकणारे जोडकवच वापरात आले. २०१९ सालापासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आणखी एक नियम लागू झाला. मेंदूला आघात झालेला खेळाडू डॉक्टरांच्या निर्णयाने बाहेर जातो आणि त्याच्या जागी बदली खेळाडू फलंदाजी-गोलंदाजीही करू शकतो. या नियमाचे मोल समजण्यास १९८१ ची सिडनी कसोटी आठवावी. तेथे मुंबईचे संदीप पाटील ६५ धावांवर असताना चेंडू डोक्याला लागून कोसळले. तरीही त्याच सामन्यात ते दुसऱ्या डावात फलंदाजीस आले. पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, त्यांनी १७४ धावा काढल्या, म्हणून आपण त्या धैर्याचे कौतुक करतो. पण दुसऱ्या डावात आणखी एक चेंडू लागला असता तर? आज तसे करण्याची परवानगी कोणताही डॉक्टर देणार नाही.

नवा नियम आला, की नवा वादही येतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा सामना झाला. फलंदाजी करताना शिवम दुबे यांच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला. त्यांच्या जागी हर्षित राणा आला आणि त्याने तीन गडी बाद केले. भारत जिंकला. बदली खेळाडू मूळ खेळाडूच्या तोडीचा आणि त्याच्याच प्रकारचा असावा, असे नियम सांगतो. दुबे हे मुख्यतः फलंदाज, राणा हा वेगवान गोलंदाज. मग ही बदली न्याय्य कशी, असा प्रश्न इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर याने केला. त्याची तक्रार विचार करण्यासारखी होती. डोक्याच्या इजेसाठी केलेल्या सोयीचा उपयोग सामना जिंकण्यासाठी होऊ लागला, तर सोयीवरचाच विश्वास उडेल. आणि विश्वास उडाला, तर उद्या खरोखर जखमी झालेल्या खेळाडूकडेही लोक संशयाने पाहतील. यावर उपाय नियम काढून टाकणे हा नव्हे; तो अधिक काटेकोर करणे हा होय. दोन्ही पक्षांनी बदली खेळाडूंची नावे सामन्यापूर्वीच देऊन ठेवावीत, अशी दुरुस्ती त्याच वर्षी करण्यात आली, ती याच विचाराने.

सुरक्षिततेच्या नियमांनी खेळ मिळमिळीत होतो, असे म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या तालमीकडे पाहावे. कुस्ती हा काही नाजूकांचा खेळ नव्हे. तरीही आखाड्यातली माती वरचेवर खणून मऊ केली जाते. तीत तेल, ताक आणि हळद मिसळतात, ती पडणाऱ्याला मार लागू नये आणि खरचटले तरी जखम चिघळू नये म्हणून. वस्ताद थांब म्हणाला, की भला थोरला मल्लही थांबतो. त्याने कोणी त्याला भित्रा म्हणत नाही. मातीची मशागत आणि वस्तादाचा शब्द या दोहोंमुळेच पोर निर्धास्तपणे झुंजायला शिकते. मातीने आणि वस्तादाने जे काम आखाड्यात केले, तेच काम मैदानावर शिरस्त्राणाने आणि डॉक्टरांच्या शब्दाने करावयाचे आहे.

म्हणून संध्याकाळी मैदानावर जाल, तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा. कातडी चेंडूने खेळावयाचे असेल, तर शिरस्त्राणाशिवाय खेळू नका. एकदा जोराचा मार बसून त्याला तडा गेला, तर ते पुन्हा वापरू नका. ज्याच्या डोक्याला चेंडू लागला, त्याला तुला बरे वाटते का, एवढेच विचारून सोडू नका. कारण मेंदूला धक्का बसलेला माणूस बरे वाटते असेच म्हणतो. त्याला बाजूला बसवा, एकट्याला घरी पाठवू नका, वडील माणसांना सांगा आणि डॉक्टरांकडे न्या. त्या दिवशी त्याचा खेळ संपला, असे समजा. तो हट्ट करील, रागावेल, आपल्या संघाचा एक गडी कमी होईल, होऊ द्या. ब्रिजटाऊनच्या रुग्णालयात फ्रँक वॉरेलने प्रतिपक्षाच्या कर्णधारासाठी आपले रक्त दिले. आपल्याला तर केवळ एक डाव द्यावयाचा आहे.